सकाळी दहा वाजता पारावर

कोहिनूर हे बसवकल्याण तालुक्यातलं, बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या शिवेकडचं गाव. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि मोटारस्टँडवर दखनी, ही या पट्ट्याची रीत. इथल्या कुठल्याही गावात सकाळी दहा वाजता पारावर कोण बसलंय हे पाहिलं, की गावाच्या कामाची निम्मी हकीकत कळते. म्हातारी माणसं तिथं पूर्वीही असायची, ती त्यांची हक्काची जागा. आता त्यांच्या शेजारी पस्तिशी ते पन्नाशीतले धडधाकट पुरुष दिसतात. कुणाच्या हातात मोबाइल, कुणाच्या हातात काहीच नाही. त्याच वेळी त्यांच्या घरातल्या बाया कुणाच्या तरी सोयाबीनमध्ये खुरपायला गेलेल्या असतात. ‘पुरुष आळशी झाले’ असं म्हणून हा विषय आपण झटक्यात मिटवतो. मजुरी, हजेरी आणि उचलीच्या गोष्टी रोज कानावर पडणाऱ्याला हे निदान पटत नाही. माझं म्हणणं असं की पैसा कमी पडल्यानं ही माणसं खचतात त्याहून जास्त ती कामाचा घाट मोडल्यानं खचतात. दिवस कधी सुरू झाला, कुणाच्या संगतीत गेला, आपल्यावाचून कुणाचं अडलं का, या गोष्टींची सोय पूर्वी काम परस्पर लावत असे. नवं काम मजुरी देतं, पुष्कळदा पूर्वीपेक्षा जास्त देतं, पण ही सोय लावत नाही. आणि ती दुसरीकडून लावून घ्यायची सवय आपण पुरुषाला कधी लागू दिली नाही.

तिफणीचंच घ्या. मृगाचा पाऊस पडला की ओल किती खोल उतरली हे माती मुठीत दाबून पाहायचं, वाफसा आला की नाही ते ठरवायचं, बैल जुंपायचे आणि या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत तास सरळ न्यायचं. मागे चाड्यावर मूठ धरायला बहुधा घरातलीच बाई. दाणा दाट पडला की पातळ, तास सरळ गेलं की वाकडं, हे आठ दिवसांत उगवून वर येई आणि येणाराजाणारा ते पाही. वाकड्या तासाची चेष्टा खळं होईपर्यंत चाले. आता ट्रॅक्टर येतो. एकराचा भाव ठरलेला असतो, चालवणारा विशी-बाविशीचा पोरगा असतो, आणि शेताचा मालक धुऱ्यावर उभा राहून ‘तो कोपरा राहिला बघ’ एवढंच सांगू शकतो. चार दिवसांचं काम एका सकाळीत उरकतं. ट्रॅक्टर वाईट असं मला म्हणायचं नाही. बैलजोडी सांभाळणं आता भल्याभल्यांना परवडत नाही आणि कडब्याचे भाव पाहता कुणी ती सांभाळावी असं सांगण्याचा मला अधिकारही नाही. पण तीस वर्षं अंगात मुरवलेलं कसब दोन-चार हंगामांत बिनकामाचं होतं, तेव्हा त्या माणसाचं आत काय होतं हे कुठल्याच वहीत मांडलेलं नसतं. त्याला कामावरून काढल्याचं पत्र येत नाही. भरपाई मिळत नाही. समाचाराला कुणी येत नाही. सातबाऱ्यावर, म्हणजे इकडच्या भाषेत पहाणीवर, तो शेतकरीच असतो. काम गेलं असं त्याला स्वतःलाही म्हणता येत नाही, कारण काम झालेलं समोर दिसतंय. फक्त ते त्यानं केलेलं नाही.

गावाबाहेरची वाट धरलेल्यांचीही कथा फार वेगळी नाही. कलबुर्ग्याची महबूबशाही मिल निजामाच्या काळातली. आज ‘एमएसके मिल’ हे वस्तीचं नाव उरलंय. शहाबादचा जुना सिमेंट कारखाना थंडावला. सोलापूरच्या जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंगगिरजी या गिरण्या एकामागून एक संपल्या. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. या शेवटच्या गोष्टीकडे राजकारणाचा तपशील म्हणून पाहिलं जातं; मनाच्या दृष्टीनं मला ती कळीची वाटते. संप मोडला असता तर हार झाली म्हणता आलं असतं. गिरणी त्याच दिवशी बंद झाली असती तर सुतक धरता आलं असतं. इथे दोन्ही झालं नाही. ‘मिटेल, बोलावतील’ या आशेवर माणसं वर्षानुवर्षं राहिली, काही गावी परतली ती आपण रजेवर आहोत अशाच भावनेनं. ट्रॅक्टरच्या मागे धुऱ्यावर उभा राहिलेला शेतकरी आणि हा कामगार एकाच जातीच्या अडचणीत आहेत. दोघांचंही काम गेलं, पण ज्या दिवशी ते गेलं असा दिवस कुणाच्या कॅलेंडरावर नाही. ज्याचं सुतकच सुरू होत नाही ते फिटणार कसं?

या प्रश्नावरचा सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात बारकाईचा अभ्यास व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल नावाच्या गिरणगावात झाला. तिथली सूतगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथं केलेल्या पाहणीचं पुस्तक १९३३ साली निघालं. त्यांनी माणसांना नुसते प्रश्न विचारले नाहीत, ती रस्त्यानं कशी चालतात ते घड्याळ लावून मोजलं. पुरुष सावकाश चालत, मध्येच थांबत, उगाच उभे राहत. बायका त्यांच्या दीडपट वेगानं निघून जात. सकाळपासून काय केलं हे विचारलं तर पुरुषांना धड सांगता येत नसे. पुष्कळांनी घड्याळ बाळगणंही सोडलं होतं. वाचायला हवा तेवढा वेळ होता, वाचनालयाची वर्गणीही माफ झाली होती, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. त्या काळी सगळ्यांचा समज असा होता की भुकेली माणसं पेटून उठतील. त्यांना दिसलं ते उलट: माणसं विझत गेली. याहोदाबाईंनी पुढे आयुष्यभर हाच धागा धरला. पगाराखेरीज काम दिवसाला बांधणी देतं, घराबाहेरची माणसं देतं, एकट्याला न झेपणाऱ्या कामात वाटा देतं, समाजात जागा देतं आणि हातपाय हलते ठेवतं. या गोष्टी गेल्या की माणूस ढासळतो, असं त्यांनी मांडलं. नव्वद वर्षांपूर्वीचं ऑस्ट्रियातलं खेडं कुठं आणि आपला बालाघाटाच्या कडेचा काळ्या-लाल मातीचा मुलूख कुठं. तरीही दहाच्या सुमाराला पाराकडे चालत येणाऱ्यांची चाल पाहिली, की मारिएन्थालच्या घड्याळाची आठवण होते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे, आणि तो घेणारी माणसं बहुधा स्वतः हलाखी भोगलेली असतात. ते म्हणतात, हे पोट भरलेल्यांचं बोलणं आहे. खिशात पैसा घाला, मन आपोआप ताळ्यावर येईल. यातलं अर्धं खरं आहे. कर्जाचा हप्ता थकला की झोप उडते. पण सगळं पैशानंच होत असतं तर स्वेच्छानिवृत्तीची रक्कम घेऊन गावी आलेले सगळेच सुखानं राहिले असते. जर्मनीतल्या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासातली गोष्ट इथे फार उपयोगी पडते. दीर्घकाळ बेकार असलेली माणसं वयोमानानं निवृत्त झाली, तेव्हा त्यांचा आयुष्याबद्दलचा समाधानाचा भाव चांगलाच वाढलेला आढळला. त्यांचा दिवस बदलला नव्हता, हातात कामही आलेलं नव्हतं, आणि ही सुधारणा उत्पन्नात पडलेल्या फरकानं समजावून सांगता येत नव्हती. बदललं एवढंच की काल ज्याला ‘रिकामा बसलाय’ म्हणत त्याला आज ‘रिटायर झाले’ म्हणू लागले. आपल्याकडे हे पटवून द्यायला अभ्यासाची गरजच नाही. साठीचा पेन्शनर पारावर बसला तर त्याला चहा सांगतात. चाळिशीचा तिथंच बसला तर ‘आज काय काम नाही वाटतं?’ असं विचारतात.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: काम गेल्याचं दुःख फक्त पुरुषांचं कसं? सोलापुरात गिरण्या बंद पडल्या तेव्हा कितीतरी घरांच्या चुली विडी वळणाऱ्या बायकांनी पेटत्या ठेवल्या. पानं भिजवणं, कापणं, तंबाखू भरणं, दोरा गुंडाळणं, कट्टे बांधणं, आणि कारखान्यात नेऊन दिल्यावर छाटाछाटीत काही विड्या बाद होणं, हे सगळं घरकाम सांभाळून. याच बायकांनी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली लढून कुंभारीत दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली, २००६ साली तिचं लोकार्पण झालं. मुंबईच्या गिरणगावात खानावळवाल्यांना संघटित करणारं प्रेमा पुरव यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ तर संपाच्याही आधीचं, १९७५ सालचं. मग नवरा पारावर बसून उदास झाला म्हणून त्याच्यावर लेख कशाला लिहायचा? प्रश्न रास्त आहे. पण त्यातून ‘बायका काटक, म्हणून त्यांना काही होत नाही’ असा अर्थ काढला तर तो खोटा ठरेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात आत्महत्या केलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. म्हणजे हातात अखंड काम असणं हे काही कवच नव्हे. स्त्रीला कामाच्या ओझ्याखाली दबायला लावायचं आणि पुरुषाची किंमत एका मिळकतीवर ठरवायची, ही एकाच व्यवस्थेची दोन टोकं आहेत. बाई आजारी असली, रडली, माहेरी गेली तरी ती आई असते, सून असते. पुरुषाच्या अंगावर ‘कर्ता’ हा एकच कपडा आपण चढवलेला असतो. तो उतरला की खाली काही नसतं. म्हणूनच बायको कमावती झाली की सुटकेचा श्वास सोडण्याऐवजी तो चिडतो, संशय घेतो, हात उगारतो. कारण सांगितलं म्हणजे त्या उगारलेल्या हाताला माफी मिळाली असं नव्हे.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सगळ्यात जड वाटतो. जुन्या कामाचे एवढे गोडवे कशाला? पाडव्याला ठरणारा सालगडी वर्षभर मालकाचा, उचल फिटली नाही तर पुढच्या सालीही त्याचाच. गिरणीत कापसाची पूड फुप्फुसात जाई. आणि मुंबईच्या गिरण्यांतल्या बऱ्या पगाराच्या विणखात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना शिरकावच नव्हता, तुटलेला धागा तोंडाच्या थुंकीनं जोडावा लागे म्हणून. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर विचारला. गाव सोडा, हा त्यांचा सल्लाही याच अनुभवातून आलेला. तेव्हा पुण्या-हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर जाऊन रोख मजुरी घेणाऱ्या दलित तरुणाला ‘तुझ्या आजाच्या कामाला घाट होता’ असं सांगणं हा निव्वळ उद्धटपणा होईल. त्या घाटात त्याच्या आजाचं नाव धड घेतलं जात नव्हतं. हे सगळं मान्य करूनही माझा मुद्दा उभा राहतो असं मला वाटतं. जुनं परत आणा असं मी म्हणत नाही. बाराव्या शतकात याच कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवण्णांनी आणि शरणांनी कायकाचा, म्हणजे श्रमालाच पूजा मानण्याचा, विचार मांडला तेव्हा तोही जुन्याच्या बाजूनं नव्हता. दोरी वळणारा, सांडलेले तांदूळ वेचणारा, कातडं कमावणारा, ज्याचं काम हलकं मानलं जात होतं त्याला अनुभवमंटपात, शरणांच्या चर्चासभेत, बसायला त्यांनी जागा दिली. अशी कथा सांगतात की तांदूळ वेचणारा आयदक्की मारय्या एकदा तिथल्या चर्चेत रमून गेला आणि कामाला जायचं विसरला, तेव्हा बायकोनं, लक्कम्मानं, त्याला आठवण करून दिली. आणि दुसऱ्या खेपेला तो गरजेपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला तेव्हा ते परत टाकून यायला लावले. काम, संगत आणि पुरे म्हणण्याची मर्यादा या तिन्ही गोष्टी त्या एका कथेत आहेत. नव्या कामात त्या नसतात, ही माझी तक्रार.

नव्या कामाकडे जरा जवळून पाहू. या भागातला चाळिशीचा माणूस पुण्याला गेला आणि शिक्षण बेताचं असलं, तर वॉचमनची नोकरी त्याला बरी वाटते. उन्हात राबायचं नाही, वर छप्पर. पाळी बारा तासांची. पत्र्याची किंवा काचेची केबिन, प्लॅस्टिकची खुर्ची, आलेल्या गाडीचा नंबर लिहायचं रजिस्टर, इंटरकॉम. गावात ज्याला मामा, आप्पा, पाटील म्हणून हाक मारतात तो इथं ‘सिक्युरिटी’ असतो. पगार देणारी एजन्सी वेगळी, हुकूम देणारी सोसायटी वेगळी, आणि कुठल्या सदनिकेची तक्रार गेली की साइट बदलते. सोबत कोणी नाही. दिवसपाळीवाला आणि रातपाळीवाला गेटवर भेटतात तेवढेच. कारखान्यात गेला तर ठेकेदाराचा कामगार, काही महिन्यांनी ब्रेक, मग पुन्हा नवा गेटपास. दुचाकीवरून खाणं पोचवायला लागला तर मोबाइलच त्याचा मुकादम. पण या मुकादमाशी भांडता येत नाही, त्याला चहा पाजता येत नाही. गिरणीतल्या बदली कामगारालाही रोज दारात उभं राहावं लागे, त्यालाही उद्याची खात्री नव्हती. पण त्याच्या आजूबाजूला त्याच्यासारखे शंभर होते, खोलीत गावचे होते, भजनी मंडळ होतं, युनियन होती. आजच्या माणसाची अनिश्चितता तेवढीच आहे, फक्त ती एकट्याची आहे. हे सगळ्याच नव्या कामाला लागू नाही, हेही नोंदवतो. आमच्याकडच्या सस्तापूर बंगल्याच्या ऑटोनगरात ट्रकच्या खोडीत डोकं घालून बसणारा मिस्तरी थकलेला असेल, पण हरवलेला सहसा दिसत नाही. गाडी सुरू झाली की दहा जणांना कळतं, ती कुणी सुरू केली.

तरुणांच्या बाबतीत हे दुखणं लग्नाच्या बाजारात येऊन उघडं पडतं. २१ डिसेंबर २०२२ रोजी सोलापुरात लग्न न झालेल्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. पुढल्याच फेब्रुवारीत दक्षिण कर्नाटकात मंड्याकडच्या शेतकरी पोरांनी महादेश्वराच्या डोंगरापर्यंत पदयात्रा काढली. वर्तमानपत्रांनी गंमत म्हणून फोटो छापले, आणि सरकारनं बायको द्यावी ही कल्पना गमतीचीच आहे. मुलगी म्हणजे काही रेशनचं धान्य नव्हे. मुलींची घटलेली संख्या हे त्यामागचं कारण मोर्चेकऱ्यांनीच मांडलं होतं, ते खरं आहे. पण वरात काढणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी जमीन होती, हातात बारीकसारीक कामही होतं. नव्हती ती ‘परमनंट’ नोकरी. दहा एकरांचा मालक असलेला बाप ज्या जोरावर बोहल्यावर चढला, तो जोर पोराच्या हातात राहिला नाही. मुलींचं यात काही चुकलं असं मला वाटत नाही. ज्या आयांनी उभं आयुष्य खुरपं धरलं त्यांनीच ‘शेतात देऊ नका’ असं लेकींसाठी बजावलंय. तरीही तिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी दहाव्यांदा नकार ऐकणाऱ्या पोराला तो स्वतःलाच मिळालेला नकार वाटतो. हंगामाचा दोष तो स्वतःच्या नावावर लिहून घेतो.

‘हे सगळं दारूनं होतं’ असं म्हणणाऱ्यांना थोडक्यात उत्तर देऊन पुढे जातो. कर्नाटकात २००७ साली सारायीवर, म्हणजे स्वस्त देशी दारूवर, बंदी आली. पिणारे सरकारी परवान्याच्या पाकिटांकडे वळले. रिकामी संध्याकाळ होती तिथेच राहिली.

आकड्यांचा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. गुन्हे नोंद विभागाच्या त्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष होते. कारणांच्या रकान्यात पाहिलं तर बेरोजगारी दोन टक्क्यांच्या आसपास. कौटुंबिक समस्या जवळजवळ एक तृतीयांश. मग कामाचा एवढा बाऊ का? याचं उत्तर त्याच अहवालातल्या दुसऱ्या रकान्यात आहे: गेलेल्यांमध्ये चारातला एक जण रोजंदारीवरचा होता. रोजंदारीवाला बेरोजगार म्हणून मोजलाच जात नाही, कारण महिन्यातले दहा-बारा दिवस त्याला काम असतं. उरलेल्या दिवसांत घरात जी भांडणं होतात, ती पंचनाम्यात ‘कौटुंबिक’ म्हणून नोंदली जातात. हवालदार तरी दुसरं काय लिहिणार. घरचे तेच सांगतात. एकाच कारणानं कुणी जात नाही, हे मला ठाऊक आहे, आणि कामाला सगळ्याचं मूळ ठरवायचा माझा हट्टही नाही. पण दोन टक्के हा आकडा त्या रकान्याची रुंदी सांगतो, दुःखाची खोली सांगत नाही.

हा भाग मागास म्हणून राज्यघटनेच्या ३७१ (जे) कलमात बसला, पण मनाच्या उपचाराच्या बाबतीत याच जुन्या हैदराबाद-कर्नाटकाच्या पट्ट्यानं देशाला वाट दाखवली आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं ऐंशीच्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतूनच मानसिक उपचार देऊन पाहिले. त्याच नमुन्यावर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशभर गेला. ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक मदतीसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा फुकट नंबरही आहे, आणि तो मराठी-कन्नड दोन्हीत चालतो. व्यवस्था नाही असं म्हणता येणार नाही. अडचण अशी की पुरुष तिथं ‘मन’ घेऊन जात नाही. तो छातीत धडधडतं, झोप लागत नाही, पोटात आग पडते, पाठ धरते असं सांगत सरकारी दवाखान्यात जातो. केसपेपरवर वय, गाव आणि व्यवसाय लिहिला जातो. व्यवसायापुढे एकच शब्द पडतो: शेती, नाहीतर कूली. त्या रकान्याला आणखी दोन प्रश्न जोडायला सरकारी आदेशही लागू नये, डॉक्टरनं किंवा नर्सबाईनं ते तोंडी विचारले तरी पुरे: गेल्या महिन्यात किती दिवस काम मिळालं, आणि यापूर्वी काय काम करत होता. दुसऱ्या प्रश्नाला माणूस बराच वेळ बोलतो, कारण तिफण, साचा, भट्टी, ट्रक यांतलं काहीतरी त्याला अजून येत असतं. पित्ताच्या गोळ्या त्यानंतर लिहून दिल्या तरी चालतील. आणि रोजगार हमीचं काम, जे २००६ साली पहिल्या टप्प्यातच बिदर-कलबुर्ग्यात आलं, ते वाटताना ग्रामपंचायतीनं बांधबंदिस्तीच्या आखणीला, विहिरीच्या बांधकामाला, झाडांच्या राखणीला अशा जाणत्या हातांना नावानिशी बोलवावं. नुसते खड्डे मोजून घेण्यापेक्षा त्यात खर्च जास्त नाही. फक्त कुणाला काय येतं याची यादी गावाला आधी करावी लागेल.